पुराच्या मदतीचे पैसे बचत गटाकडे आहेत, ते नेमके कुठं लावावेत?

सीनाकाठची, मोहोळ तालुका
नमस्कार. आमचा बाया-बायांचा बचत गट आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदी घरात शिरली. एरवी जोड कालव्यातून उजनीचं पाणी सोडलं तरच हिला उन्हाळ्यात धार दिसते. तेव्हा वरून सीना कोळेगाव, चांदणी, खासापुरी या धरणांचा विसर्ग एकत्र आला आणि लांबोटीला पुणे महामार्गसुद्धा बंद पडला. धान्याचे किट, चादरी, भांडी पुष्कळ आली. ज्यांनी दिलं त्यांचे उपकार आहेत. आता पुण्यात कामाला असलेल्या गावच्या पोरांनी गटाच्या खात्यावर दीड लाख टाकलेत. काहीजण म्हणतात, पुरानं माती खरडून नेलेल्या रानात माती टाका. काही म्हणतात, शेळ्या घ्या. पुढच्या पुराला कुठलीच बाई पुन्हा पार उघड्यावर येऊ नये, एवढंच मला पाहिजे. जाणकारांनी सांगावं.

शाळूवाला, माढा
ताई, माझंही रान मुरमापर्यंत खरडलंय, म्हणून सांगतो, हे पैसे मातीत घालू नका. हिशोब करा. एकराला ४३,५६० चौरस फूट. अर्धा फूट थर द्यायचा म्हटलं तरी जवळजवळ २१८ ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) माती लागते. गाळ फुकट मिळाला तरी जेसीबी आणि ट्रॅक्टरच्या डिझेलातच तुमचे पैसे एक-दोन एकरांत संपतील, आणि बाकीचं गाव बघत बसेल. मातीचं काम सरकारकडून करून घ्यायचं आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर झालेल्या पॅकेजात खरडलेल्या जमिनीला हेक्टरी ४७ हजार रोख आणि रोजगार हमीतून हेक्टरी ३ लाखांपर्यंत काम धरलंय.

गाळ आणाल तेव्हा आधी तपासून घ्या, सामू (pH) आणि क्षार बघा. चिकण गाळाचा जाड थर एकदम दिला तर पाणी धरून बसतो, वाफसाच येत नाही, म्हणजे रान पेरणीजोगं होत नाही. थोडा थोडा द्यावा, शेणखत घालावं, जूनमध्ये ताग नाहीतर धैंचा पेरून फुलोऱ्याआधी गाडावा. नदीच्या अगदी कडेपर्यंत नांगरू नका. तेवढी पट्टी सोडून बांबू, वाळा लावा, काठ धरून राहतो.

आता खरं दुखणं. शेतीची सरकारी मदत सातबाऱ्यावर चालते. वाट्यानं रान करणारा, मजूर, नवरा गेल्यावर जिचं नाव अजून उताऱ्यावर चढलेलं नाही अशी बाई, यांच्या नावानं शेताचा पंचनामा होतच नाही. पीक त्यांचंही वाहून गेलंय. तुमचे पैसे तिथं लावा. आणि शेळ्या आत्ता घेऊ नका. कडबा वाहून गेला, उरलेला कुजला. शाळूची (रब्बी ज्वारीची) पेरणी लांबली, म्हणजे नवा कडबाही कमीच येणार. जनावर घ्यायच्या आधी त्याच्या चाऱ्याची सोय बघा.

रोहयोवाला
वरचं बरोबर आहे, फक्त रोजगार हमीचं काम आपोआप निघत नाही. मजुरांनी नमुना ४ भरून कामाची मागणी करावी आणि पोचपावती हातात घ्यावी. जॉब कार्ड पुरात गेलं असेल तर आधी ते नवं काढा. मागणी केल्यावर १५ दिवसांत काम देणं बंधनकारक आहे. भूमिहीन बाईला मजुरी मिळते, शेजारच्याचं रानही उभं राहतं.

परंड्याहून
आम्ही तुमच्या वरच्या अंगाला. विसर्ग वाढला की आमच्याकडं आधी कळतं, तुमच्यापर्यंत पाणी यायला वेळ असतो. काठच्या प्रत्येक गावातले दोघं-दोघं धरून फोनची साखळी करू. निरोप रात्री आला तरी आधी दावणीची जनावरं सोडायची, मग सामान. माझं नाव त्यात धरा.

सीनाकाठची, मोहोळ तालुका
दादा, कडब्याचं माझ्या ध्यानातच नव्हतं. गटात बोलले. सातबारा नसलेल्या घरांची यादी आम्हीच दारोदार जाऊन करणार आहोत, त्यात दोन विधवा बाया आणि नदीकडच्या वस्तीवरची वाटेकरी घरं पहिली. त्यांना हरभऱ्याचं बियाणं आणि चारा. थोडी रक्कम उंचावरच्या शाळेत दोर, बॅटऱ्या आणि कागदपत्रांच्या प्लास्टिकच्या पेट्यांसाठी ठेवतोय. नमुना ४ सगळ्याजणी एकदमच भरणार. परंड्याच्या भाऊंनी मला खासगी मेसेज करावा, आमच्या बाजूनं साखळीत मी आणि गटाच्या सचिव.