मागचा डावा बलून रात्रीत बसतो: बलून बदलू की लेव्हलिंग व्हॉल्व्ह?

घाटवाट:
१२ मीटर बस, एअर सस्पेन्शनची, पुढे दोन, मागे चार बलून (स्प्रिंगच्या जागी हवेच्या रबरी पिशव्या). मागे दोन्ही बाजूंना वेगळे लेव्हलिंग व्हॉल्व्ह, म्हणजे बॉडीची उंची बघून बलूनमध्ये हवा भरणारे-सोडणारे. रात्री उभी केली की सकाळी मागची डावी बाजू बसलेली. हवेची टाकी भरली की सरळ होते, दिवसभर तक्रार नाही. बलूनवर साबणाचं पाणी मारलं, फेस आला नाही. ड्रायव्हर म्हणतो, व्हॉल्व्हचा रॉड (लिव्हरला अ‍ॅक्सलशी जोडणारा) थोडा लांब करा.

स्प्रिंगपाटा:
रॉडला हात लावू नका. रॉड फक्त उंची ठरवतो, गळती तशीच राहते. उलट मागची उंची चुकली की प्रोपेलर शाफ्टचा (मागच्या अ‍ॅक्सलला फिरवणाऱ्या दांड्याचा) कोन बदलतो आणि गाडी थरथरायला लागते.

फेस कुठे मारला? रबर चिरतं ते बहुधा बलूनच्या बुडाशी असलेल्या पिस्टनवर घडी पडते तिथे, आणि गाडीच्या वजनाखाली ती चीर दिसतच नाही. चॅसी जॅकने उचला, स्टँड लावा, बलून ताणला की घडीच्या जागी फेस मारा. स्टँडशिवाय खाली शिरायचं नाही. हवा गेली की बॉडी क्षणात खाली येते.

मग व्हॉल्व्हचं एक्झॉस्ट तोंड. तिथे सतत बुडबुडे येत असतील तर रॉड सोडवून लिव्हर हाताने मधोमध धरा. थांबले तर रॉडची सेटिंग किंवा बुश, नाही थांबले तर व्हॉल्व्हचं सील. आणि सकाळी गेजवर किती असतं?

घाटवाट:
ब्रेकच्या दोन्ही टाक्यांत ५ बारच्या आसपास. सस्पेन्शनच्या टाकीला वेगळा गेज लावून पाहिला, जवळपास शून्य. एक्झॉस्टला बुडबुडे नाहीत.

हवाबंद:
मग घडीलाही फेस येत नसेल तर दोष दोन आहेत. लेव्हलिंग व्हॉल्व्हच्या इनलेटला नॉन-रिटर्न (एकाच दिशेने हवा सोडणारा व्हॉल्व्ह) असतो, टाकी रिकामी झाली तरी बलूनची हवा मागे जाऊ नये म्हणून. उजवा धरतोय, डावा धरत नाही. ब्रेकची हवा मल्टी-सर्किट प्रोटेक्शन व्हॉल्व्हने (एक लाइन गळली तरी बाकीच्यांची हवा राखणाऱ्या) अडवलीय, म्हणून ती शाबूत.

खात्री फुकटात होते. टाकी पूर्ण भरा, इंजिन बंद करा, सस्पेन्शनच्या टाकीचा ड्रेन कॉक उघडून ती रिकामी करा. घडीला फेस नसताना तासाभरात फक्त डावी बाजू उतरली तर नॉन-रिटर्न गेला. मग डावा व्हॉल्व्ह बदला, किट मिळालं तर किट टाका. टाकी का रिकामी होते तेही शोधा. दरवाजाचे सिलिंडर त्याच लाइनवर असतील तर तिथूनच सुरुवात करा.

ड्रेनमधून काय येतंय बघा. पाणी आलं तर ड्रायरचं (हवेतलं पाणी शोषणारं) काडतूस संपलंय, पांढरट चिकट आलं तर कॉम्प्रेसर तेल फेकतोय. हाच चिखल नॉन-रिटर्नच्या सीटवर बसतो. काडतूस न बदलता नवा व्हॉल्व्ह लावला तर पुढच्या पावसाळ्यात पुन्हा हेच.

स्प्रिंगपाटा:
बरोबर. तोवर सकाळी टाकी भरून गाडी उंचीला आल्याशिवाय हलवू नका. बसलेल्या बलूनवर गाडी चालवली की रबर पिस्टन आणि प्लेटमध्ये चिमटतं. आणि कधी बलून बदलायचाच झाला तर चॅसी जॅकने ठरलेल्या उंचीला आणा, मगच हळूहळू हवा भरा. चेपलेल्या अवस्थेत भरलं तर घडी वाकडी बसते.