राज्य, शासन, सरकार, राष्ट्र: व्याख्या लावताना नेमकी चूक कुठे होते?

पारावरचा_वाचक (प्रश्न)

राज्यशास्त्राच्या पहिल्या धड्यातल्या शब्दांची टिपणं करतो आहे. अकरावीची मुलं आणि स्पर्धा परीक्षावाले, दोघांनाही उपयोगी पडतील अशी हवी आहेत. व्याख्या पाठ होतात, पण लावायला गेलं की गोंधळ उडतो.

लोकसंख्या, भूप्रदेश, शासनसंस्था आणि सार्वभौमत्व हे राज्याचे चार घटक. मग महाराष्ट्र सार्वभौम नसूनही त्याला राज्य का म्हणतात? संविधानाच्या कलम १२ प्रमाणे जिल्हा परिषदसुद्धा 'राज्य' आहे, ते कसं? शासन आणि सरकार एकच का? सत्ता आणि अधिकार यांत फरक काय? जाणकारांनी नेमकं सांगावं. उदाहरणं आपल्याकडची असतील तर फार बरं.

न्यायशाळा

आधी व्याख्या तपासायची कसोटी घेऊ. ती आपल्या न्यायदर्शनात, म्हणजे जुन्या तर्कशास्त्रात, तयार आहे आणि मुलांना पटकन कळते. लक्षणाचे, म्हणजे व्याख्येचे, दोष तीन. गाय म्हणजे तांबूस रंगाचं जनावर म्हटलं की पांढरी गाय निसटते, ही अव्याप्ती. शिंगं असलेलं जनावर म्हटलं की म्हैसही आत येते, ही अतिव्याप्ती. एका खुराचं जनावर म्हटलं तर एकही गाय सापडत नाही, हा असंभव.

आता जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबरची १९१९ ची व्याख्या घ्या. ठरावीक भूप्रदेशात बळाच्या अधिमान्य (लोकांनी योग्य मानलेल्या) वापराच्या मक्तेदारीचा दावा यशस्वीपणे करणारा समूह म्हणजे राज्यसंस्था. उत्तरपत्रिकांत याचं 'बळाची मक्तेदारी' एवढंच उरतं. 'अधिमान्य' गाळलं की खोऱ्यावर जरब बसवणारी दरोडेखोरांची टोळीही राज्यसंस्था ठरते: अतिव्याप्ती. 'दावा' गाळलं की ज्या देशात कुठेही खून-मारामारी होते, तो देश राज्यसंस्थाच उरत नाही: अव्याप्ती. मुलांना एकेक शब्द काढून काय आत घुसतं आणि काय बाहेर पडतं ते पाहायला लावा. पाठांतराची गरज बरीच कमी होईल.

तुमचा खरा प्रश्न मात्र शब्दाचा आहे. मराठीत 'राज्य' हा शब्द तीन कामं करतो. एक, राज्यसंस्था, म्हणजे भारत, नेपाळ, फ्रान्स. दोन, संघातलं घटकराज्य, म्हणजे महाराष्ट्र, गोवा. तीन, मूलभूत हक्क ज्यांच्याविरुद्ध मागता येतात अशी सगळी सार्वजनिक अंगं, म्हणजे कलम १२. टिपणांत नुसतं 'राज्य' कुठेच लिहू नका. 'राज्यसंस्था', 'घटकराज्य' आणि 'कलम १२ चे राज्य' असं दरवेळी पूर्ण लिहा. अर्धे वाद तिथेच मिटतात.

महाराष्ट्राला चार घटकांची व्याख्या लागू होत नाही, कारण ती पहिल्या अर्थाची आहे. घटकराज्यं सार्वभौम नाहीत हे सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये पश्चिम बंगाल विरुद्ध भारतीय संघराज्य या खटल्यात सांगितलं. कलम ३ पाहिलं तर ते डोळ्यांसमोर येतं. संसद साध्या बहुमताने राज्याची सीमा, नाव, अस्तित्वसुद्धा बदलू शकते. विधिमंडळाचं मत फक्त मागवायचं असतं, ते बंधनकारक नसतं. याचं उदाहरण तर अगदी घरचं आहे. १९५६ च्या पुनर्रचना विधेयकात मूळ प्रस्ताव महाराष्ट्र, गुजरात आणि केंद्रशासित मुंबई असा होता. मत त्यावर मागवलं गेलं आणि संसदेने शेवटी द्विभाषिक मुंबई राज्य केलं. बदललेल्या प्रस्तावावर पुन्हा मत का घेतलं नाही, असा आक्षेप बाबूलाल पराते खटल्यात घेतला गेला. १९५९ मध्ये न्यायालयाने सांगितलं, पुन्हा विचारायची गरज नाही. ज्याच्या अस्तित्वाबद्दल दुसरीकडे असं ठरू शकतं, ते सार्वभौम नव्हे.

कलम_बारा

वरच्या तिसऱ्या अर्थाबद्दल लिहितो, कारण तिथे परीक्षेत हमखास चूक होते.

कलम १२ ही राज्यसंस्थेची व्याख्या नाहीच. मूलभूत हक्कांचं उत्तर कोणी द्यायचं, त्यांची ती यादी आहे: केंद्र सरकार व संसद, घटकराज्यांची सरकारं व विधिमंडळं, आणि सर्व स्थानिक किंवा अन्य प्राधिकरणं. जिल्हा परिषद, नगरपालिका, ग्रामपंचायत या 'स्थानिक'मध्ये येतात. 'अन्य'मध्ये कोण, यावर खटले चालत आले. १९८१ च्या अजय हासिया निकालाने कसोट्या दिल्या. २००२ मध्ये सात न्यायाधीशांच्या पीठाने सांगितलं की कसोट्या यांत्रिकपणे मोजायच्या नाहीत. आर्थिक, कार्यात्मक आणि प्रशासकीय दृष्टीने सरकारचं खोलवरचं नियंत्रण आहे का, ते बघायचं. म्हणूनच २००५ मध्ये क्रिकेट नियामक मंडळ 'राज्य' ठरलं नाही.

आता एसटी महामंडळ घ्या. १९५० च्या मार्ग परिवहन महामंडळ कायद्याखाली चालणारी ही वैधानिक संस्था आहे, त्यामुळे कलम १२ च्या अर्थाने ती 'राज्य' आहे. भरतीत भेदभाव केला तर कलम १४ आणि १६ खाली तिच्याविरुद्ध दाद मागता येते. पण महामंडळ म्हणजे सरकार नव्हे. एसटीचा चालक किंवा वाहक संघ वा राज्याच्या नागरी पदावर नसतो, म्हणून नोकरीचं जे संरक्षण कलम ३११ देतं, ते त्याला नाही. २०२१-२२ च्या संपातली विलीनीकरणाची मागणी म्हणजे 'राज्य' असलेल्या संस्थेला 'सरकार'चा भाग करा, अशीच होती. घरोघरी ज्याची चर्चा झाली, त्या संपाच्या मुळाशी पहिल्या धड्यातला हा भेद आहे. मुलांना इथूनच शिकवा, असं मी आग्रहाने म्हणेन.

शासन आणि सरकार यांचा निवाडा मराठीतली क्रियापदंच करतात. सरकार 'पडतं'. राजवट 'उलथते'. राज्य 'बुडतं'. शासन पडलं असं कोणी म्हणत नाही, कारण शासन म्हणजे चालू असलेली यंत्रणा. कोणताही शासन निर्णय शेवटापर्यंत वाचा. 'महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने' ही ओळ असते आणि खाली सही उपसचिवांची किंवा अवर सचिवांची. कलम १६६ मुळे राज्याचा सगळा कारभार राज्यपालांच्या नावाने चालतो, मुख्यमंत्र्यांच्या नव्हे. १२ ते २३ नोव्हेंबर २०१९ या काळात महाराष्ट्रात राष्ट्रपती राजवट होती. मंत्रिमंडळ नव्हतं. तरी पगार होत होते, आदेश निघत होते, आणि फौजदारी खटल्यांवर 'महाराष्ट्र राज्य विरुद्ध अमुक' हेच शीर्षक होतं. सरकार नाही, शासन आहे, घटकराज्यही आहे. तिन्ही गोष्टी एकदम वेगळ्या दिसतात, असे हे बारा दिवस.

एक सूचना. काही पाठ्यपुस्तकं 'शासन' हा शब्द कायदेमंडळ, कार्यकारी मंडळ आणि न्यायमंडळ या तिन्हींना मिळून वापरतात. मंत्रालयाच्या भाषेत तो फक्त कार्यकारी अंगासाठी असतो. टिपणांच्या पहिल्या पानावर आपण कोणता अर्थ घेतला ते लिहा.

दंडनीती

सत्ता आणि अधिकार यांचा फरक एका ओळीत बसत नाही, कारण मधे तिसरा शब्द आहे: अधिमान्यता.

कर आणि खंडणी शेजारी ठेवा. दोन्हींत पैसे जातात, दोन्हींत न दिल्यास काहीतरी वाईट होणार असतं. दुसऱ्याकडून त्याच्या मनाविरुद्ध काही करवून घेण्याची क्षमता म्हणजे सत्ता, आणि ती दोघांकडे आहे. अधिकार एकाकडेच. कलम २६५ म्हणतं, कायद्याच्या आधाराशिवाय कर बसवताही येत नाही आणि वसूलही करता येत नाही. इथे 'वसूल'कडे लक्ष द्या. कर कायदेशीर असला, पण वसुलीची पद्धत कायद्यात नसली, तरी ती वसुली चुकीची. म्हणजे अधिकार हा नियमाने दिलेला असतो आणि त्याच नियमाने मोजूनमापून दिलेला असतो.

अधिमान्यता याच्याही पुढची. नियम देणारी व्यवस्थाच योग्य आहे, असं लोकांना मनापासून वाटणं. कायदेशीर आणि अधिमान्य यांची फारकत १९७५-७७ च्या आणीबाणीत दिसते. कलम ३५२ खाली घोषणा झाली होती, कागद जागेवर होते. १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा मताने सांगितलं की स्थानबद्ध माणसाला सुटकेसाठी न्यायालयात दादही मागता येणार नाही. तो एक आवाज न्यायमूर्ती हंसराज खन्नांचा होता आणि तो आजही वाचावा असा आहे. १९७७ मध्ये मतदारांनी ते सरकार घालवलं. १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने कलम २१ चं (जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्याचं) संरक्षण आणीबाणीतही निलंबित करता येणार नाही अशी तरतूद केली, आणि 'अंतर्गत अशांतता' हे कारण काढून 'सशस्त्र उठाव' घातलं. अधिकार होता, अधिमान्यता गेली, मग अधिकाराचा नियमच बदलला. हा क्रम मुलांकडून तारखांसकट लिहून घ्या.

आणि कृपया 'अधिकार' हा शब्द हक्कासाठी वापरू नका. संविधानाच्या मराठी पाठात 'मूलभूत हक्क' आहे. 'माहितीचा अधिकार' रूढ झाला आहे, तो बदलणार नाही, पण निदान टिपणांत नागरिकाचा तो हक्क आणि अधिकाऱ्याचा तो अधिकार, एवढं पाळता येईल.

पारावरचा_वाचक

सर्वांचे आभार. दोन शंका राहिल्या. राष्ट्र म्हणजे काय? आणि सार्वभौमत्व अविभाज्य असतं असं फ्रेंच विचारवंत बोदँ सांगतो, मग स्वराज्य आणि चौथाई यांचं काय? मुलं हे हमखास विचारतात.

मोडी_लिपीक

दुसऱ्या शंकेपासून सुरू करतो. बोदँने १५७६ मध्ये मांडलेली व्याख्या यादवी युद्धाने पोळलेल्या फ्रान्ससाठी होती. तिथे शेवटचा शब्द कोणाचा, हे ठरवणं जगण्या-मरण्याचा प्रश्न झालं होतं. ती आपल्या अठराव्या शतकावर तशीच ठेवली तर अव्याप्ती होते.

१७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथांनी दिल्लीहून शाहू महाराजांसाठी ज्या सनदा आणल्या, त्या तीन आहेत आणि तिन्हींचं स्वरूप वेगळं आहे. स्वराज्याची सनद: तो मुलूख पूर्ण आपल्या अमलाखाली. चौथाईची: दख्खनच्या सहा सुभ्यांच्या महसुलाचा चौथा हिस्सा, म्हणजे २५ टक्के. सरदेशमुखीची: १० टक्के, आणि हा दावा वतनदार या नात्याने. बदल्यात दरसाल दहा लाखांची पेशकश (नजराणा) आणि पंधरा हजार स्वार बादशहाच्या चाकरीत, असं ठरलं होतं. एकाच गावातून निजामाचा अंमलदारही वसुली करतो आणि मराठ्यांचा कमाविसदारही, दोघांकडे कागद असतो, आणि सनद देणारा बादशहा स्वतः तिथे काहीच करू शकत नाही. सार्वभौमत्व इथे थरांनी आहे. नकाशावर एक रंग भरून ते दाखवता येत नाही. सनदेने हक्क मिळाला, पण वसुलीसाठी फौजच पाठवावी लागायची, हेही सांगायला विसरू नका.

राष्ट्र म्हणजे 'आपण एक आहोत' असं मानणारा आणि आपलं राजकीय भवितव्य एकत्र पाहणारा समूह. त्याला सरकार लागत नाही, सीमाही लागत नाही. कुर्द तुर्कस्तान, इराक, इराण आणि सीरियात विखुरलेले आहेत, राज्यसंस्था नाही. उलट युनायटेड किंगडम ही एक राज्यसंस्था, पण स्कॉटिश आणि वेल्श माणसं स्वतःला राष्ट्र म्हणवतात. 'संयुक्त राष्ट्रे' हे नाव इथे घोटाळा करतं. तिचे १९३ सदस्य या राज्यसंस्था आहेत. जुन्या ग्रंथांतलं राष्ट्रही याच अर्थाचं समजू नका. मनुस्मृतीत ते मुलूख आणि त्यातली प्रजा यांसाठी येतं. ६३४ च्या ऐहोळे शिलालेखात तीन महाराष्ट्रकांची नव्व्याण्णव हजार गावं सांगितली आहेत, तिथेही प्रदेशच अभिप्रेत आहे.

न्यायशाळा

मोडी_लिपीक यांच्या उत्तराला जोडून एक उदाहरण देतो. ते सीमेवरचं आहे आणि व्याख्येची परीक्षा सीमेवरच होते.

१९३३ च्या मॉन्टेव्हिडिओ कराराने राज्यसंस्थेसाठी चार अटी घातल्या: कायम लोकसंख्या, निश्चित भूप्रदेश, शासन, आणि इतर राज्यसंस्थांशी संबंध ठेवण्याची क्षमता. चौथी अट 'सार्वभौमत्व' या शब्दात नाही, हे बघा.

आता दादरा आणि नगर हवेली. २ ऑगस्ट १९५४ ला तिथलं सिल्वासा पोर्तुगीजांकडून मुक्त झालं. त्यानंतर १९६१ पर्यंत तिथला कारभार वरिष्ठ पंचायतीने पाहिला. लोक होते, मुलूख होता, शासन होतं. भारताने ते अजून सामील करून घेतलेलं नव्हतं, आणि पोर्तुगालचा दावा हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात चालू होता. १९६० च्या निकालात न्यायालयाने पोर्तुगालचा खासगी माणसं, मुलकी अधिकारी आणि माल नेण्याचा मार्गहक्क मान्य केला, सैन्याचा नाही. शिवाय भारताने तो हक्क मोडला नाही, असंही ठरवलं. मग विलीनीकरणाचा करार करायचा तर सही करणारी दुसरी बाजू कोण? त्यासाठी भारतीय प्रशासन सेवेतले के. जी. बदलानी यांना एका दिवसापुरतं तिथले पंतप्रधान केलं गेलं. म्हणजे चौथी अट सहीपुरती उभी केली. ११ ऑगस्ट १९६१ पासून तो भाग भारताचा केंद्रशासित प्रदेश झाला, दहाव्या दुरुस्तीने.

गोव्याच्या तारखाही शेजारी लावा. १९ डिसेंबर १९६१ ला पोर्तुगीज अंमल संपला. पोर्तुगालने भारताचं सार्वभौमत्व मान्य केलं ते थेट १९७४ मध्ये. ३० मे १९८७ ला गोवा 'राज्य' झालं. १९६१ ला राज्यसंस्था बदलली, १९८७ ला फक्त संघातला दर्जा. 'गोवा कधी राज्य झाला?' हा प्रश्न फळ्यावर लिहा आणि प्रत्येक मुलाला आधी विचारा, कोणत्या अर्थाने.