पत्रिकेवरचा इटॅलिक फॉन्ट: फॉइलमध्ये बारीक रेघा उडतायत

मुठेकाठची सई
बहिणीची लग्नपत्रिका करतेय. इंग्रजी नावांना ‘प्लेफेअर डिस्प्ले’ फॉन्टचा इटॅलिक, म्हणजे तिरपा प्रकार घेतला. स्क्रीनवर इतका देखणा दिसला की आईनेसुद्धा खोट काढली नाही. काल मरून हातकागदावर सोनेरी फॉइलचं प्रूफ आलं. ‘मृण्मयी’च्या इंग्रजी स्पेलिंगमधले एम, आर, यू, एन जोडणाऱ्या बारीक रेघाच गायब! नुसते दांडे, कुंपणासारखे. प्रेसवाले म्हणतात, फॉन्ट बदला. मराठी मजकूरही कोरलड्रॉ सॉफ्टवेअरमध्ये तिरपा करून घेतलाय, जोडीला शोभावा म्हणून. काय करू?

टिकोजीराव
बोल्ड करा. विषय संपला.

जुना जुळारी
टिकोजीराव, बोल्डमध्ये दांडे फुगतील, केसासारखी रेघ जवळपास तिथेच राहील. नाव आणखी कुंपण दिसेल.

सईताई, फॉन्टला बोल लावू नका. जाड दांडे आणि बारीक रेघा ही घडण अठराव्या शतकाच्या अखेरची. पार्मात बोडोनी, पॅरिसात दिदो असे अक्षरं घडवायचे. असल्या रेघा उमटल्या त्या गुळगुळीत कागद मिळू लागला म्हणून. तुम्ही तीच रेघ हातकागदाच्या खाचखळग्यांवर मागताय. फॉइल खळग्यात टेकणारच नाही.

खिळ्यांच्या, म्हणजे धातूच्या सुट्या अक्षरांच्या काळात असलं इटॅलिक जुळवायला आलं की माझ्या पोटात गोळा यायचा. एफची शेपटी खिळ्याबाहेर लोंबायची. शेजारी चुकीचं अक्षर बसवून फर्मा, म्हणजे जुळवलेल्या पानाची चौकट आवळली की टक्कन तुटायची. सदाशिव पेठेतल्या आमच्या मालकांनी अशा शेपट्या माझ्या पगारातून कापल्यात!

तेव्हा नावं मोठी घ्या, निदान ४८ पॉइंट, आणि कागद गुळगुळीत. हातकागदच हवा असेल तर ‘बोडोनी मोडा’ हा फॉन्ट बघा. त्यात ऑप्टिकल साइझ आहे: लहान आकाराचं रूप निवडलं की बारीक रेघ जाड होते. तेच रूप मोठं करून छापा. नजाकत थोडी जाईल, नाव वाचता येईल.

मराठी मात्र आधी सरळ करा. इटॅलिक १५०१ मध्ये व्हेनिसला आल्डसच्या छापखान्यातून पुस्तकात आलं, तिकडच्या हस्ताक्षरावरून. त्याचा एफ, ए वेगळा घडवलेला असतो, नुसता ढकललेला नसतो. देवनागरीत ती चालच नाही. आपल्या बोरूच्या लेखणीचा काप तिकडच्या उलटा, म्हणून जाड-बारीकही रोमनच्या उलट जागी पडतं. कोरलमध्ये ढकललं की काना कलंडतो, वेलांटी मान मोडल्यासारखी दिसते. जाड-बारीक हवंच असेल तर ‘शुभविवाह’ एवढा एकच शब्द ‘रोझा वन’ फॉन्टमध्ये घ्या. बाकी ‘मुक्ता’.

मुठेकाठची सई
काका, गुळगुळीत आर्टकार्डावर ५४ पॉइंटात पुन्हा प्रूफ काढलं. एम ते एन सगळ्या रेघा आल्या! मराठीही सरळ केलं. आता कार्यालयाचा पत्ता त्याच इटॅलिकमध्ये ९ पॉइंटला ठेवू का?

जुना जुळारी
पाहुणे जेवायला यायला हवेत ना? मग नको.