बाळाला इसब आहे, माझी आई गोवराची लस देऊ देत नाही – मदत हवी आहे

मुलगी नऊ महिन्यांची झाली. गोवर-रुबेलाची लस बुधवारी आहे. तिला इसब आहे, कोपरांच्या घड्या रात्री खाजवून रक्ताळते. डॉक्टर म्हणतात, इसबामुळे ही लस अडत नाही, द्या. आई मात्र ऐकायला तयार नाही. का, ते तिने परवा पहिल्यांदा सांगितलं.

१९६८ साल, लालबागची चाळ. आई सहा वर्षांची, तिला शाळेत देवी टोचल्या. धाकट्या भावाला अंगभर इसब, म्हणून दहा महिन्यांचा झाला तरी त्याला टोचलं नव्हतं. दोघं एकाच गोधडीत झोपायची. तिच्या दंडावरचा फोड पिकून फुटला, झग्याला चिकटायचा. ती तो खाजवायची आणि त्याच हाताने भावाला थोपटायची. आठेक दिवसांनी त्याला नेमके इसबाच्या जागी फोड उठले, मध्ये खळगा असलेले. मग मान, तोंड, आणि ताप. 'देवी आल्या' म्हणून दाराला कडुनिंब बांधला. बाराव्या दिवशी तो गेला.

आता वाचल्यावर उलगडतंय. देवीच्या लशीत व्हॅक्सिनिया नावाचा जिवंत विषाणू असायचा, खपली पडेपर्यंत तो फोडात असतो आणि इसबाच्या कातडीवर भराभर पसरतो. याला एक्झिमा व्हॅक्सिनेटम म्हणतात. म्हणूनच घरात कुणाला इसब असेल तर बाकीच्यांनीही ती लस टाळायची असते. अमेरिकेत २००७ साली सैनिक वडिलांकडून दोन वर्षांच्या मुलाला हेच झालं होतं. तो उपचारांनी वाचला.

गोवर-रुबेलाच्या लशीचं तसं नाही. तिचा फोड येत नाही, खपली धरत नाही, त्यामुळे कातडीवरून काही पसरत नाही. हे आईला पटेलही. पण बाकीचं सांगितलं तर तिच्या मनातलंच खरं ठरतं, की भावाला ते तिच्या फोडातून लागलं. सहा वर्षांच्या पोरीला कुणी काही बजावलंच नव्हतं, यात तिचा काय दोष? हे मी म्हटलं, तर ती नुसती हाताकडे बघत बसली. बीसीजीनंतर बाळाच्या दंडावर पू धरलेली गाठ आली होती, तेव्हा ती रात्रभर बाळाचे हात धरून का बसली होती, ते मला आत्ता कळतंय.

तिला सगळं सांगू, की फक्त या लशीपुरतं बोलू? डॉक्टरांकडे सोबत नेऊ का? कुणाच्या घरी त्या काळी असं झालं असेल, किंवा कुणी तेव्हा टोचणीच्या कामावर असेल, तर कृपया बुधवारच्या आत लिहा.