वेस्टर्नमधलं भूत म्हणजे नुसती काटकसर?

शेवटचं रीळ

तर्ककर्कश यांचं परवाचं लिखाण वाचून दोन दिवस गप्प बसलो होतो, आता राहवत नाही. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: ज्यांच्याजवळ ना गोष्ट होती ना पैसा, त्यांनी जुन्या वेस्टर्नमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या पश्चिमेतल्या घोडे-पिस्तुलांच्या सिनेमांत, भुतं आणि व्हँपायर घुसवले, हे सिनेमे चार मित्र जमवून खिदळण्यापुरतेच. खाली खिदळणाऱ्यांची रांगच लागली. त्यातल्या किती जणांनी यातला एक तरी सिनेमा अख्खा पाहिलाय?

पैसा नव्हता, हे कोण नाकारतंय? पण 'कर्स ऑफ द अनडेड' घ्या. १९५९चा, युनिव्हर्सल स्टुडिओचा, कृष्णधवल, जेमतेम सव्वा तासाचा. दिग्दर्शक एडवर्ड डीन. लिहिला त्याने आणि त्याच्या बायकोने, मिल्ड्रेडने. मायकेल पेट काळ्या कपड्यांत गावात येतो. ड्रेक रोबी, भाड्याने मिळणारा बंदूकबाज. आणि तो मेलेला आहे.

आता वेस्टर्नचा सगळा हिशोब कशावर चालतो? ज्याचं पिस्तूल आधी निघालं तो जगला. इथे समोरच्याचं पिस्तूल आधी निघतं, गोळी लागते, आणि रोबी उभाच. आयुष्यभर हात चपळ ठेवून कमावलेलं सगळं एका क्षणात फुकट. समोरच्याला कळतच नाही, आपलं चुकलं काय. या एका प्रसंगाला ना सेट लागतो ना खर्च. लागते ती कल्पना, आणि ती त्या नवराबायकोकडे होती. शेवटी पाद्री आपल्या कोटावरचा बारीकसा क्रॉस काढतो आणि गोळीच्या टोकावर बसवतो. पाद्री झालेल्या एरिक फ्लेमिंगचे हात बघा त्या वेळी. देवाचं काम करणारा माणूस काडतूस तयार करतोय आणि त्याला त्याची लाज वाटतेय.

मी हा १९८७ साली भाड्याच्या कॅसेटवर पाहिला. कितव्या कॉपीची कॉपी होती कोण जाणे, चित्र खालून हलत होतं. वडील पोलिसात होते, सिनेमे बघत नसत. त्या दिवशी दारात उभे राहून त्यांनी शेवटची वीस मिनिटं पाहिली आणि म्हणाले, "गोळी घालून मिटलेलं एकही प्रकरण मी पाहिलेलं नाही." वेस्टर्नमध्ये भूत का येतं, याचं मला आजवर मिळालेलं हे सगळ्यात चांगलं उत्तर.

तर्ककर्कश

काका, तुमच्या वडिलांबद्दल आदर आहे, पण तुम्ही नेमका बरा सिनेमा निवडून वकिली केलीत. 'बिली द किड व्हर्सेस ड्रॅक्युला'चं काय? १९६६, आठ दिवसांत गुंडाळलेला. ड्रॅक्युला भर उन्हात टांग्यातून फिरतो. शेवटी गोळ्या लागत नाहीत म्हणून बिली रिकामं पिस्तूल फेकून मारतो आणि त्याने ड्रॅक्युला आडवा होतो! गोळीने काही होत नाही आणि पिस्तूल डोक्यात बसलं की पडतो. जोडीला दाखवला गेलेला 'जेसी जेम्स मीट्स फ्रँकेन्स्टाइन्स डॉटर' तर नावातच चुकलाय, त्यातली बाई फ्रँकेन्स्टाइनची मुलगी नसून नात आहे. प्रेक्षकाला एवढं गृहीत धरणाऱ्यांना मी कलावंत म्हणू?

आणि माझा खरा आक्षेप पैशाचा नाहीच. वेस्टर्नमध्ये माणूस निवड करतो. पळायचं की उभं राहायचं. भूत आलं की ती निवड संपते. गावाने पाप केलं, भुताने हिशोब चुकता केला, गाव मोकळं. हा आळशी न्याय आहे. म्हणूनच मला क्लिंट ईस्टवुडचा 'हाय प्लेन्स ड्रिफ्टर' (१९७३) आवडतो, कारण तिथे भूत नाही. गावात आलेला तो परका माणूस गावच्या मारल्या गेलेल्या मार्शलचा, म्हणजे पोलीस अधिकाऱ्याचा, भाऊ आहे. मूळ पटकथेत तसंच होतं आणि युरोपातल्या काही भाषांतल्या डबिंगमध्ये तर ते सरळ सांगितलंय.

८:०५ कर्जत

भाऊ??? गाडीत उभ्याने टाइप करतोय, पण हे सोडवत नाही.

पहिली चौकट आठवा. नुसतं तापलेलं रान, हवा थरथरतेय, आणि त्या थरथरीतून घोडेस्वार हळूहळू आकार घेतो. शेवटी त्याच थरथरीत विरतो. भाऊ विरतो का हो? गावात शिरताना घोडागाडीवाल्याचा चाबूक कडाडतो आणि ज्याला पिस्तुलांची भीती नाही तो इथे दचकतो, कारण मार्शल डंकनला चाबकांनीच मारलं होतं. आणि डंकनचं काम कोणी केलंय? बडी व्हॅन हॉर्नने, जो ईस्टवुडचा स्टंट डबल होता, म्हणजे धोक्याच्या प्रसंगांत त्याच्या जागी उभा राहणारा. चेहरेपट्टी मुद्दाम जुळवलेली आहे. डबिंगवाल्यांनी प्रेक्षकाला समजणार नाही म्हणून 'भाऊ' घुसवला. त्यांच्या भित्रेपणाचा पुरावा तुम्ही देताय!

तर्ककर्कश

ईस्टवुडनेच मुलाखतीत सांगितलंय की पटकथेत तो भाऊ होता.

८:०५ कर्जत

आणि त्याच ईस्टवुडने ते मोघम ठेवणं पसंत केलं, हेही सांगितलंय. अर्धं वाक्य उचलू नका.

सिमी व्हॅलीची सून

भाऊ की भूत ते तुमचं चालू द्या. मी बिली-ड्रॅक्युलासाठी आले आहे.

तो सिनेमा जिथे चित्रित झाला ते कॅलिफोर्नियातलं कॉरिगनव्हिल माझ्या घरापासून पंधरा मिनिटांवर आहे. रे कॉरिगन नावाच्या नटाने १९३७मध्ये ही जागा घेतली, शेकडो वेस्टर्न तिथे झाले, १९४९पासून लोक तिकीट काढून बघायला यायचे. आज तिथे सार्वजनिक बाग आहे. १९७० आणि १९७९च्या आगींत सेट गेले. उरलेत सिमेंटचे जोते, ओकची झाडं, एक कोरडा तलाव. सासरे इथे आले की त्यांना मी फिरायला तिथेच नेते. इथे सलून होतं, इथे तबेला, असं पायाने जमीन चाचपून सांगावं लागतं. फुलं खोचलेली पाटी एका तरी जोत्यापाशी असावी की नाही? 'टाकाऊ सिनेमा' म्हणणाऱ्यांमुळेच असल्या जागा कोणी जपत नाही. ग्रेट सिनेमाचं लोकेशन असतं तर म्युझियम झालं असतं.

उन्हातल्या ड्रॅक्युलाबद्दल: रात्रीचं चित्रीकरण म्हणजे जनरेटर, दिवे, जादा पगार. म्हणून दिवसाच शूट करून कॅमेऱ्याची काच काळी करायची आणि ती रात्र म्हणायची. पायाशी पडलेली सावली चुगली करते, मान्य. पण दिग्दर्शक विल्यम बोडीन तेव्हा सत्तरी ओलांडलेला होता. मूकपटांच्या काळात याच माणसाने मेरी पिकफर्डला दिग्दर्शित केलं होतं. हा त्याच्या शेवटच्या सिनेमांपैकी. म्हाताऱ्या माणसाला आठ दिवस आणि चार नाणी देऊन सिनेमा पुरा करायला लावायचं, आणि त्याने तो केला. मला यात हसण्यासारखं काही दिसत नाही.

तर्ककर्कश

ताई, म्हातारपणाबद्दल सहानुभूती वेगळी आणि सिनेमा वेगळा. जॉन कॅराडाइन, जो त्यात ड्रॅक्युला झाला, तो स्वतःच या सिनेमाला नावं ठेवायचा.

वाईकर

मला यातले दोनच सिनेमे माहीत आहेत, त्यामुळे गप्प बसणार होतो. पण 'भूत आलं की गाव मोकळं' हे वाचून बसवेना.

'ड्रिफ्टर'मध्ये हॉटेलवाल्याची बायको म्हणते, की खूण नसलेल्या थडग्यात मेलेल्याला शांती मिळत नाही असं लोक म्हणतात. मार्शलला नाव नसलेल्या खड्ड्यात पुरलंय. आपल्याकडच्या कुणालाही हे समजावून सांगावं लागत नाही. पिंडाला कावळा शिवलेला नाही, एवढंच ते आहे.

आजोबांच्या दहाव्याला कृष्णेच्या घाटावर आम्ही सकाळी नऊपासून बसलो होतो. भात, वडे, दही, सगळं पिंडापाशी मांडलेलं. कावळे समोरच्या पिंपळावर होते, पाहत होते, खाली येत नव्हते. आत्या म्हणाली, नातवाचं शिक्षण करू म्हणा. म्हटलं. नाही आले. आईने डोकं टेकलं. नाही आले. मग सगळ्यांच्या नजरा हळूहळू थोरल्या चुलत्याकडे वळल्या, कारण विहिरीचं सगळ्यांना माहीत होतं. अकरा वाजले, घाटाचा दगड तापला, कोणी काही बोलेना. त्या दोन तासांत मला कळलं की मेलेला माणूस काही करत नसतो. तो फक्त थांबून राहतो, आणि जिवंत माणसांना काहीतरी करावं लागतं. तुम्ही म्हणता भूत आलं की निवड संपते. माझ्या मते तिथे ती सुरू होते.

तर्ककर्कश

अहो, पण तो सिनेमा कॅलिफोर्नियातल्या मोनो लेकच्या काठावर घडतो, वाईत नाही! ख्रिस्ती थडग्यावर आपला कावळा बसवायचा आणि वर त्याला समीक्षा म्हणायचं? हीच आपली खोड आहे. जगात काहीही दाखवा, आपण त्यात आपलं गाव शोधतो. मी सिनेमाबद्दल बोलतोय आणि मला घाटावर नेऊन बसवताय.

८:०५ कर्जत

त्यांनी स्वतःच्या आजोबांचं सांगितलं आणि तुम्ही 'खोड' म्हणता? जरा भान ठेवा. मुद्दा खोडता येत नाही म्हणून माणसावर घसरताय.

शेवटचं रीळ

दोघेही शांत व्हा. वाईकरांचं बाजूला ठेवा आणि नुसता सिनेमा बघा. तो परका गावाचं काम करून देतो का? नाही! खाण सरकारी जमिनीवर आहे हे मार्शलला कळलं, म्हणून त्याला संपवलं. गाव उभं राहून बघत होतं. आता तेच मारेकरी परत येताहेत. हा काय करतो? गावकऱ्यांना बंदुका चालवायला शिकवतो, अख्खं गाव लाल रंगवून घेतो, वेशीवरच्या पाटीवर नरक असं लिहितो, आणि ऐन वेळी घोड्यावर बसून निघून जातो. दोन्ही बाजूंना एकमेकांसमोर सोडून. गाव पुन्हा कचरतं. निवड त्यांना दुसऱ्यांदा मिळाली होती, तर्ककर्कश. तुमचा आळशी न्याय यात कुठे बसतो?

वेस्टर्नचा जुना नायक जॉन वेन, त्याने या सिनेमाबद्दल ईस्टवुडला नाराजीचं पत्र लिहिलं होतं, की पश्चिम वसवणारी माणसं अशी नव्हती. त्याला जे झोंबलं ते भूत नव्हे, ते गाव.

पत्ता हरवला

'ड्रिफ्टर' स्वस्तातला नाही, युनिव्हर्सलचा दणकट पैसा आहे त्यात. धागा स्वस्त सिनेमांचा आहे म्हणून सांगतो: हेच चार वर्षं आधी इटलीत झालंय. 'जँगो द बास्टर्ड', १९६९, दिग्दर्शक सेर्जो गारोने, नट अँथनी स्टीफन, लेखनातही त्याचा हात. ज्या अधिकाऱ्यांनी आपल्याच सैनिकांना दगा दिला, त्यांच्या दारात एक माणूस येतो आणि मातीत क्रॉस रोवतो. त्यावर समोरच्याचं नाव आणि मृत्यूची तारीख. तारीख आजची. तो जिवंत आहे की नाही हे शेवटपर्यंत सांगत नाहीत. अंधार, मेणबत्त्या, वारा, एवढ्यावर सगळं. गरिबाने आधी केलं, श्रीमंताचं नाव झालं.

आणखी एक, जे कोणीच बोललं नाही. 'कर्स'मधला रोबी मुळात ड्रॅगो रोबलेस आहे, स्पॅनिश घराण्यातला. त्याची कहाणी सापडते कुठे? ज्या रँचवर, म्हणजे गुरांच्या मळ्यावर, तंटा चाललाय तिच्या जुन्या कागदपत्रांत. म्हणजे व्हँपायर कोण, तर त्या जमिनीच्या आधीच्या मालकाचा मुलगा. ज्यांच्या घरात सातबाऱ्यावरून दोन पिढ्या बोलणं बंद आहे, त्यांना हे हसण्यासारखं वाटणार नाही. आमच्या घरात बंद आहे.

सिमी व्हॅलीची सून

हे लक्षातच आलं नव्हतं. बिली-ड्रॅक्युलात मात्र उलट आहे. तिथे ड्रॅक्युलाला ओळखतं ते युरोपातून नुकतं आलेलं जोडपं, कारण त्यांची मुलगी त्याने घेतली आहे. त्या बाईचं कोणी ऐकत नाही. भाषा मोडकी, बोलते भलतंच. मी इथे आले त्या वर्षी माझंही कोणी धड ऐकायचं नाही. व्हर्जिनिया क्रिस्टीनने ती बाई केली आहे आणि ती एक क्षणही सिनेमाला हसत नाही. ती खरोखर घाबरलेली आहे. आठ दिवसांत काम संपवायचं असतानाही.

तर्ककर्कश

काल रात्री 'कर्स' पुन्हा लावला. काकांनी सांगितलेला गोळीचा प्रसंग ठीक आहे. ठीकपेक्षा बरा आहे, घ्या. कागदपत्रांचा भाग मी मागच्या वेळी पुढे ढकलून पाहिला होता, हेही कबूल करतो. खिदळण्यापुरतेच हा शब्द या एका सिनेमापुरता मागे. 'जँगो' पाहिलेला नाही, पाहीन.

बिली-ड्रॅक्युलावर माझं मत तेच. पिस्तूल फेकून मारणं मला कोणीही पटवून देऊ शकणार नाही. आणि 'ड्रिफ्टर'मध्ये तो भाऊच आहे.

८:०५ कर्जत

भूत. शेवटी बुटका मॉर्डेकाय थडग्यावर नाव कोरत असतो. तो परक्याला म्हणतो, तुझं नाव काही मला कळलं नाही. परका म्हणतो, माहीत आहे की तुला. नाव डंकनचं आहे. अजून काय पाहिजे?

तर्ककर्कश

डंकन हे आडनाव आहे. भावाचंही तेच असणार.

वाईकर, परवा तुमच्याशी बोलताना माझा सूर चुकला. एक विचारतो, तुम्ही गोष्ट मध्येच सोडलीत. कावळा शिवला का शेवटी?

वाईकर

नाही. चुलते बोललेच नाहीत. बाराच्या पुढे गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला आणि आम्ही घरी आलो. विहिरीचा वाद अजून कोर्टात आहे.