गुणाकाराचं पद घातलं आणि सीएफआय (मॉडेल डेटाला किती बसतं ते सांगणारा आकडा) गायब!

निपाणीकर: तंबाखू सोडून उसाकडं वळलेल्या शेतकऱ्यांचे ३०० फॉर्म, स्वतः मोटरसायकलवरून फिरून भरलेत. कर्जाचा ताण, घरच्यांचा आधार, समाधान, तिन्ही लेटंट, म्हणजे थेट न मोजता प्रश्नांवरून काढलेले. रेषीय मॉडेल झकास बसलं. ताण गुणिले आधार हे पद एलएमएसनं (लेटंट घटकांच्या गुणाकाराची पद्धत) घातलं, तर सॉफ्टवेअर सीएफआय देतच नाही की! लॉग-लाइकलिहूड (जितकं वर तितकं मॉडेल डेटाला जवळ) −४१२०.६ वरून −४११७.९ झालं, बस्स. व्हायव्हाला काय सांगू?

खानापूरची ताई: मिळणारच नाही रे. गुणाकार आला की समाधानाचं वितरण नॉर्मल राहत नाही, मग मॉडेल जोखायचा नेहमीचा काय-स्क्वेअर, ज्यावरून सीएफआय निघतो, तो कशाशी तोलणार? पण रेषीय मॉडेल तुझ्या मॉडेलच्या पोटातलंच आहे, गुणाकाराचं पद शून्य धरलं की तेच उरतं. फरक २.७, दुप्पट ५.४. एका डिग्री ऑफ फ्रीडमला (एकच जादा पद म्हणून एक) ५ टक्क्यांवर ३.८४ पुरतात. एमएलआर (डेटा नॉर्मल नसला तरी चालणारी अंदाजपद्धत) वापरलं असशील तर मात्र स्केलिंगची दुरुस्ती आधी.

टिळकवाडी: एवढ्यात कुंदा (आपली बेळगावी मिठाई) वाटू नका. ३०० नमुन्यांना बीआयसी जादा पदामागं ५.७ दंड घेतो, तुमची कमाई ५.४! एआयसी २ वर भागवतो. (दोन्ही मॉडेलं तोलायचे आकडे, जादा पदाला दंड लावणारे.) दोन्ही आकडे छापा, लपवू नका. आणि ताणाचा वर्ग (ताण गुणिले ताण) घालून बघितलात? ताण आणि आधार एकमेकांशी जोडलेले असले की वक्रता गुणाकाराचं सोंग घेते. वर्ग आणि गुणाकार ही मॉडेलं एकमेकांच्या पोटात नाहीत. तिथं एआयसी-बीआयसी, नाहीतर वूंगची १९८९ची कसोटी, अशा मॉडेलांची तुलना करणारी.

निपाणीकर: वर्ग घालून बघालोय. सांगायचं राहिलं, ११० फॉर्म कन्नडमधले आहेत.

खानापूरची ताई: अरे देवा! मग आधी दोन्ही भाषांत लोडिंग (प्रश्न त्या घटकाशी किती जोडलेला, तो आकडा) सारखे ठेवून मॉडेल बसतं का बघ. गुणाकार नंतर.