क्रियापदच आधी असतं असं नाही

कुणीतरी लिहिलंय की इंग्रजीत आधी क्रियापद, मग त्याला 'अर' जोडला की करणारा माणूस. टीच-टीचर, सिंग-सिंगरपुरतं पटलं. पण मुलीच्या वहीत 'एडिट'कडून 'एडिटर'कडे बाण काढलेला पाहिला आणि तो उलटा आहे हे तिला सांगायला लागलं. 'एडिटर' हा शब्द इंग्रजीत सतराव्या शतकातला, तर 'एडिट' अठराव्या शतकाच्या अखेरीचं. 'अर'ची शेपटी ओळखीची वाटली म्हणून लोकांनी ती छाटली आणि क्रियापद उरलं! 'बर्ग्लर'चंही, म्हणजे घरफोड्या चोराचंही, तेच. चोर सोळाव्या शतकापासून घरं फोडतोय, 'बर्गल' हे क्रियापद मात्र एकोणिसाव्या शतकातलं. अमेरिकनांनी त्याच चोराला मागे 'आइज' चिकटवून 'बर्ग्लराइज' केलं, ते मला तरी ओबडधोबडच वाटतं. 'बेबीसिटर'वरून 'बेबीसिट' आणि 'टेलिव्हिजन'वरून 'टेलिव्हाइज' तर विसाव्या शतकातले.

आपल्याला ही छाटाछाट फारशी करावी लागत नाही म्हणा. नामापुढे 'करणे' ठेवलं की झालं, संपादन करा नाहीतर एडिट करा.